बिनकाठाचं भांडं

तांबट आळीत माझ्या जन्माआधीपासून ठोके आहेत.
झोपेत ते ऐकू येत नाहीत,
थांबले तर मात्र जाग येते.

आप्पांना मी सांगितलं,
पेशीतही असतात भांडी, भिंत नसलेली.
हंड्याच्या गळ्यावर मठारकाम चाललं होतं.
हातोडी न थांबवता म्हणाले,
"भिंत नाही तर भांडं कसलं?
पाणी काय लाजेने उभं राहणार?"
मग मी मिसळीच्या वाटीत तर्रीचे ठिपके दाखवले.
दोन जवळ आले, एक झाले.
"यांना कुणी काठ लावलाय?"
"खाऊन घे," म्हणाले, "गार होईल."

गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत
दुपारी पडदे ओढून मी यीस्टला ताप देते.
तीस अंशांवर ते मजेत असतं,
हिरवा उजेड पेशीभर सारखा, पातळ ताकासारखा.
शेहेचाळीस.
दहा मिनिटं.
आणि उजेड गोळा होऊ लागतो,
एक ठिपका, चार, सात,
मोजता मोजता दोन एकमेकांत शिरतात
आणि माझी मोजणी चुकते.

आत असतात अर्धवट राहिलेली कामं.
केंद्रकातून निघालेले निरोप,
ज्यांचं प्रथिन घडायचं होतं
आणि घडवणारे मध्येच उठून गेले.
निरोप कुणी फाडत नाही.
नुसतं जवळ घेऊन बसायचं,
आत्ता नाही, इतकंच म्हणत.

त्या वर्षी दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
तेव्हा ठोके एकदम थांबले.
मी खरंच जागी झाले.
ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन
माणसं चढावर आली:
बुडाशिवायचे तांबे, गळा न जोडलेल्या घागरी,
जिचं पातेलं व्हायचं होतं अशी पत्र्याची चकती.
शाळेच्या ओट्यावर ढीग झाला.
ढिगाला दार नव्हतं, पहारा नव्हता,
कुणाचं काय ते ज्याच्या त्याच्या हाताला ठाऊक.
चौथ्या दिवशी पाणी उतरलं
आणि दुपारपर्यंत ओटा रिकामा.
दगडावर फक्त हिरवट गोल डाग.
पहिला ठोका आप्पांचा,
जिथे सोडला होता तिथूनच.

त्र्यंबककाकांची घागर तेवढी राहिली.
आधीच्या पुरात त्यांची भट्टी गेली होती,
त्याच्याही आधी मुलगा सुरतेला.
ते ओट्यापर्यंत आले, घागरीकडे पाहिलं,
आणि चपला घालून परत फिरले.

ताण फार वेळ राहिला की ठिपके घट्ट होतात.
मग तीस अंशांवर आणा, रात्रभर ठेवा,
सुटत नाहीत.
हे मी प्रबंधात लिहिलंय, तक्ता क्रमांक चार.
काकांबद्दल त्यात काही नाही.

एकदा आप्पा प्रयोगशाळेत आले.
भांड्याचं छिद्र उजेडाला धरून बघावं
तसा एक डोळा मिटून भिंगाला लागले.
मी ताप उतरवला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"फुटलं?"
"नाही. विरलं."
"मग आतलं?"
"कामाला गेलं."
त्यांनी दुसरा डोळा लावून पाहिला,
जणू पहिल्यावर भरवसा नव्हता.

जिना उतरताना म्हणाले,
"तांबं ठोकून ठोकून कडक होतं.
भट्टीत घातलं की पुन्हा मऊ."
मी म्हणाले, आमच्याकडे उलटं आहे, आप्पा,
इथे तापच घट्ट करतो.
सोडवणारी प्रथिनं असतात,
एकेक धागा धरून ओढतात,
वेळ लागतो,
आणि सगळंच सुटतं असं नाही.

ते कठड्याला धरून थांबले.
खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
"त्र्यंबकची घागर शाळेत असेल अजून," म्हणाले.
"येताना घेऊन ये.
आणि त्याला सांगू नकोस.
नुसतं म्हण, आप्पांनी चहाला बोलावलंय."